साधं पाणी मागितल्याबद्दल क्षमस्व

श्री. मालक,
लोअर परळचं एक झगमगीत उपाहारगृह, मुंबई



गेल्या शनिवारी आम्ही चौघं आपल्याकडे जेवलो. बूड टेकतं न टेकतं तोच आपल्या पोऱ्याने बाटलीचं बूच फिरवलं. कट्ट! मी घाईघाईने ‘साधं पाणी’ म्हणालो. त्याने असं पाहिलं, जणू मी मिठी नदीतलं मागितलं. ‘सर, ते आम्ही रेकमेंड नाही करत.’

तीन बाटल्या, प्रत्येकी 140, एकूण 420. आकडा मी निवडलेला नाही.

हॉटेलांनी छापील किमतीहून जास्त घेतले तरी चालेल, असं 2017 साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय, घ्या. पण न विचारता बूच फिरवा, असं कुठे म्हटलंय? वर त्यावर 10 टक्के सेवाशुल्क! ते परस्पर बिलात घालता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये सांगितलं. आपल्यापर्यंत पोचलं नसेल. बूच फिरवल्याचे 42 रुपये मात्र पोचले.

आता त्या साध्या पाण्याविषयी. ते तानसा, भातसा, वैतरणेहून निघतं, शंभरेक किलोमीटरची वाट कापत मुंबईत येतं. ज्या शहापूर तालुक्यातून ते येतं, तिथल्या बाया उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे लावतात. आणि आपला पोऱ्या नाक मुरडतो! बरं, आपली डाळ कशात शिजते? भात? की त्यालाही बाटल्या फोडता? पातेल्यात चालणारं पाणी माझ्या पेल्यात पडताच नासतं, हे रसायन जरा समजावून सांगा.

इराण्याकडे पोऱ्या चार बोटं चार ग्लासांत बुडवून पाणी आणायचा आणि टेबलावर आपटायचा. (बोटांचं मी समर्थन करत नाही, ती बोटं फुकट होती, एवढंच.) धोबीतलावचं कयानी 1904 पासून आहे, माटुंग्याचं रामा नायकांचं उडुपी 1942 पासून. पाणी विकून कुणी इतकी वर्षं टिकल्याचं ऐकिवात नाही.

तर विनंती एवढीच, की पोऱ्याला आधी विचारायला शिकवा. पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा येतोय. आपली डाळ खरंच चांगली आहे. तांब्या घरून आणू.

आपला,
एक तहानलेलं गिऱ्हाईक