एकोणपन्नास हजार तीनशे तेहतीस

मनुष्याने गर्व कशाचा करावा यास काही धरबंध नाही. कोणास तो घराण्याचा होतो, कोणास बागायतीचा, आणि मला तो सन २००१ मध्ये, घोडनदीच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, मॉडेम नामक एका काळ्या पेटीचा झाला. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोठ्या शहरांतून इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केल्याची वार्ता शिरूर तालुक्यात यथावकाश पोचली, आणि पोचल्यावर तिचा पहिला मानकरी दस्तुरखुद्द मीच, अशी खातरजमा मी कोणासही न विचारता करून घेतली.

१९९८ च्या व्ही-९० या दंडकाप्रमाणे माझी पेटी सेकंदास छप्पन्न हजार बिट ओढून आणण्यास पात्र होती. परंतु तिच्या अटी सोयरिकीच्या बोलण्यांहून कडक. एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तांब्याची तार निर्दोष हवी, सांधा गंजलेला नको, आणि जराशी खरखर कानी पडताच ही मानिनी अठ्ठावीस हजारांवर उतरून बसे. तिची मनधरणी करण्यासाठी मी फर्माने काढीत असे. ‘ए टी एक्स ३’ म्हणजे डायलटोनची वाट न पाहता नंबर फिरव. ‘एस १०’चा आकडा वाढविला म्हणजे समोरचा स्वर क्षणभर लोपला तरी लगेच फोन ठेवू नकोस. ही फर्माने मी तांबड्या शाईने वहीत उतरवून ठेवी आणि शेजारची मुले आली की ती वही सहज उघडी राहील अशी व्यवस्था करी.

तारेत बिघाड झाला म्हणजे पेटी मध्येच थबकून पलीकडच्या पेटीशी नव्याने सूर जुळवते. या क्रियेस ‘रीट्रेन’ म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की मला दौंड आठवते. येथे विषयांतर होत आहे हे मला कळते, तथापि पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी त्या काळी दौंडास विषयांतर न करता पुढे गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गाडी फलाटास लागे, इंजिन सुटे, रमतगमत शेपटाकडे जाऊन तेथे जोडले जाई, आणि सगळा लवाजमा आल्या वाटेनेच निघून मग उत्तरेस वळे. पुण्यास रुमाल टाकून तोंड पुढे होईल अशी जागा पटकावलेले गृहस्थ आता पाठमोरे प्रवास करीत, आणि नवखी म्हातारी डब्यात हलकल्लोळ माजवी, “अहो, गाडी माघारी चालली!” माझ्या मावशीचे यजमान दौंडास रेल्वेत होते; सुटीत ते मला हा सोहळा दाखवीत आणि कपलिंग लागल्याचा खण्ण आवाज आला की, “झालं, आता निघणार,” असे म्हणून खिशातून लिमलेटची गोळी काढीत. काका गेले, मावशी दौंडातच राहिली, आणि रोज रात्री आठ वाजता आईला फोन करू लागली.

त्या फोनाकडेच आता आले पाहिजे. पेटीचा वेग खाणारा खरा शत्रू आईच्या खाटेशी ठेवलेला पॅरलल फोन आहे, असा शोध मला लागला आणि एका दुपारी मी पेचकस घेऊन त्याच्या दोन्ही तारा सोडविल्या. पडद्यावर ४९,३३३ हा आकडा उमटला! मी तो घरभर ओरडून सांगितला. आई म्हणाली, “बरं झालं हो. पण दौंडचा फोन आता वाजायचा कुठे?”

“माळ्यावर वाजेल, मी हाक मारीन,” मी म्हणालो. माळ्यावर आठच्या सुमारास काय चाललेले असे, ते मी सांगितले नाही. त्या अपूर्व वेगाने मी मॉडेमचा वेग वाढविणाऱ्या नवनव्या आज्ञावल्या उतरवून घेत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी मावशी एस.टी.ने येऊन दारात उभी राहिली. हातात पिशवी, पदराने घाम पुसणे चाललेले. “चार दिवस एंगेज, रे! मला वाटलं, अक्काचं काही—” एवढे बोलून ती ओट्यावरच बसली. आईने तिला पाणी दिले. दोघींपैकी कोणीही मला बोलली नाही, हे मला फार लागले. बोलल्या असत्या तर उत्तर तयार होते.

तारा त्याच दुपारी जोडल्या. आकडा ३१,२०० वर आला, आणि रात्री आठ ते नऊ पेटी बंद, असा हुकूम मीच मला काढला. बाकीच्या वेळी, एखादी आज्ञावली नव्वद टक्के उतरली असताना, खाली रिसीव्हर उचलल्याचा खट्ट आवाज येई आणि सगळे तुटे. फोन चालू आहे ना, हे आई पाहत असे. मी माळ्यावरून काही बोलत नसे. ‘ए टी झेड’ टंकून पुन्हा पहिल्यापासून लागे.