जाणकारासोबत गुआ बाओ कसा खावा

तैपेईच्या गोंगग्वान भागात, राष्ट्रीय तैवान विद्यापीठाजवळ, ‘लान जिया’ नावाचे गुआ बाओचे, म्हणजे मांस भरलेल्या वाफवलेल्या पावाचे, दुकान आहे. मिशेलिनच्या ‘बिब गूरमाँ’ यादीत येऊनही ते दिसायला गल्लीतलेच राहिले आहे. अशा दुकानात एकट्याने जाणाऱ्याला नियमांची गरज नाही. पण शिंचूच्या चिप-कारखान्यात कंपनीच्या कामाने अधूनमधून येणारा आणि तेवढ्यावर तैवान कोळून प्यायलेला मराठी जाणकार सोबत असेल, तर खालील नियम पाठ करावेत.

नियम पहिला: मांस कसले हवे, ते रांगेतच ठरवावे. चरबीचे, बिनचरबीचे की निम्मे-निम्मे, एवढाच प्रश्न असतो. जाणकार रक्ततपासणीचा रिपोर्ट आठवून बिनचरबीचे मागतो आणि मग शेजारच्याच्या हाताकडे बघत बसतो. निम्मे-निम्मे मागावे. सोया सॉसमध्ये मुरत शिजलेले डुकराच्या पोटाचे मांस चरबीशिवाय चोथ्यासारखे लागते.

नियम दुसरा: इतिहास बाओ संपल्यावर ऐकावा. न्यूयॉर्कच्या ‘मोमोफुकू’ने २००४ पासून असाच पाव अमेरिकेत गाजवला, लंडनच्या सोहोत २०१५ मध्ये ‘बाओ’ उघडले, हे सगळे जाणकार सांगतो आणि ते खरेही असते. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यात सोळाव्या दिवशी, ‘वेइया’ला, मालक कामगारांना जेवू घालतात, त्या दिवशी गुआ बाओ खातात, कारण त्याचा आकार भरलेल्या पैशाच्या पिशवीसारखा मानतात, हेही खरे. पण तोवर इकडे मैद्याच्या वाफवलेल्या दुमडीला घाम सुटतो. वरचे शेंगदाण्याचे गोड कूट ओले होऊन तळाशी बसते. आंबवलेल्या मोहरीच्या पाल्याचे पाणी झिरपते, आणि मग हातात उरतो तो लगदा. अरे बाबा, खा ना आधी!

नियम तिसरा: घास घेताना श्वास आत ओढू नये. कूट थेट घशात जाते. याबाबत जाणकार काही सांगत नाही, कारण तो तेव्हा खोकत असतो.

नियम चौथा: कोथिंबीर नको म्हणू नये.

नियम पाचवा: छापील यादीवर खुणा करून मागवायचे असेल, तर टेबलाचा क्रमांक आधी लिहावा. जाणकार चिनी अक्षरे वाचून दाखवण्यात रमतो, क्रमांक राहून जातो आणि चिठ्ठी गल्ल्यावर पडून राहते.

नियम सहावा: सोबत शाकाहारी मावशी असतील, तर पाटीवर ‘सू’चे अक्षर किंवा स्वस्तिक असलेले दुकान शोधावे. तिथल्या काटेकोर शाकाहारात कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे मावशींना चातुर्मास पाळल्याचे पुण्य फुकटात मिळते. हे दुकान शोधून देतो मात्र जाणकारच. दोन गल्ल्या पालथ्या घालतो, मावशींची पिशवीही स्वतः उचलतो आणि बिलाला कुणाला हात लावू देत नाही.

नियम सातवा: टिप ठेवू नये, पण पावती मिळाली तर जपावी. तैवानमध्ये १९५१ पासून सरकारी पावत्यांच्या क्रमांकांवर सोडत निघते. आता ती विषम महिन्यांच्या २५ तारखेला असते आणि सर्वांत मोठे बक्षीस १ कोटी तैवानी डॉलरचे आहे. छोट्या टपऱ्या अशी पावती बहुधा देत नाहीत. दिली, तर ती जाणकार कंपनीकडून पैसे वसूल करायला खिशात घालण्याआधी निदान क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा.