जाड पुस्तकाचे उपयोग

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टॉवर चौकाच्या आसपास, जीवविज्ञानाचा भाव पानांवर ठरतो: पाने जितकी कमी, तितके पुस्तक मोलाचे. लेनिंजरचे जीवरसायनशास्त्र हजाराहून अधिक पानांचे. फार्मसीचा विद्यार्थी त्याला मनोभावे नमस्कार करतो आणि शेजारची हमखास प्रश्नांची पुस्तिका उचलतो.

नवी आवृत्ती घ्या, असे सर सांगतात. स्वतः मात्र आपल्या विद्यार्थिदशेतल्या वहीतून उतरवून देतात. माणसाच्या पेशीत 48 गुणसूत्रे असतात, असे पुस्तके कित्येक वर्षे छापत होती. 1956मध्ये स्वीडनमध्ये दोघा संशोधकांनी ती नीट मोजली, तर 46 भरली. पुढच्याच वर्षी उज्जैनला विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे इथल्या पोरांच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून खरा आकडा आला. नोट्स उतरवता उतरवता त्याचा 64 झाला, तर त्यात विज्ञानाचा काय दोष?

व्यवसायात पडलेल्यांचे आणखी सोपे. भारतीय औषधकोश 1955पासून निघतो आहे, पण वेळेला हाताशी असते ते कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेले गुळगुळीत पत्रक. औषधकोशासोबत पेन फुकट मिळत नाही ना!

आपल्या मराठी घरांत मात्र जाड पुस्तकाचा मान अजून टिकून आहे. ते काचेच्या कपाटात असते. स्थळ बघायला आलेल्यांना त्याच्या पाठीवरचे नाव वाचता आले, की निम्मा खर्च वसूल. उरलेला निम्मा ते विकल्यावर. न उघडलेल्या पुस्तकाला रद्दीवालाही चांगला भाव देतो.