काटवटीची उंची किती?

लढाईवरून परतलेल्या बाईला तुळजापुरात रीतसर रजा मिळते. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन आटोपले की तुळजाभवानी पलंगावर पहुडते, ती कोजागरीलाच सिंहासनावर परतते. या झोपेला नाव आहे श्रमनिद्रा. महिषासुराला मारून बाई दमली, हे इथे गावाने मान्य केले आहे. त्यासाठी पालखी बुऱ्हाणनगरहून येते आणि पलंग थेट घोडेगावाहून. मूर्ती हलवताना धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती १०८ साड्यांचे दिंड गुंडाळतात. बाईच्या युद्धश्रमांची एवढी काळजी सरकारच्या कुठल्या खात्याने घेतल्याचे ऐकिवात नाही.

आता साड्यांनंतर फुटांची पाळी. भवानी शिवरायांना तलवार देते आहे, असे १०८ फुटी शिल्प गावात उभे राहायचे आहे. विकास आराखडा १,८६५ कोटींचा. २०२५ साली त्यावर वाद रंगला तो देवीच्या हातांवरून. अष्टभुजा की द्विभुजा? गाभाऱ्यातली मूर्ती तर आठ हातांची. बाईला हात किती लागतात, हे तुळजापुरातल्या कुठल्याही घरी सकाळी सहाला विचारले असते, तर वाद घालणाऱ्यांचा बराच वेळ वाचला असता.

हातांचा हिशेब तालुक्याला नवा नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. नळदुर्ग याच तालुक्यातले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत काम फत्ते! पण त्याआधी वर्षभर बार्शी-सोलापूरच्या सरहद्दीवर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कॅम्प चालले होते, आणि कॅम्प म्हटले की जेवणारी तोंडे आली. पुस्तकांत कॅम्पप्रमुखांची नावे आहेत, छाप्यांच्या तारखा आहेत. पीठ कुणी मळले, निरोप कुणाच्या ओच्यातून गेला, हे ‘महिलांनीही मोलाचे सहकार्य केले’ या एका वाक्यात उरकते. त्यातला ‘ही’ फार कामाचा आहे. दोन मात्रांत निम्मी लोकसंख्या मावते.

दगडाबाई शेळके मात्र निसटल्या. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या या बाई पुरुषी वेषात घोड्यावर बसत, हातबॉम्ब टाकत. मराठवाड्याची झाशीची राणी म्हणून त्यांचे नाव राहिले. घोडा लांबून दिसतो. डोक्यावरची भाकरीची टोपली दिसत नाही.

कागदही घोड्याच्याच बाजूचा. स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्रीय सन्मान निवृत्तिवेतनासाठी पुरुषांना ६ महिन्यांच्या तुरुंगवासाची अट, बायकांना सवलतीत ३ महिन्यांची. ठीक. पण चुलीपुढे काढलेल्या महिन्यांचा दाखला कुठल्या जेलरने द्यायचा?

लंडनकरांनी यातून एक वाट काढली. व्हाइटहॉलमध्ये, सेनोटाफ या युद्धस्मारकाजवळ, दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्रियांचे ब्राँझचे स्मारक आहे. शिल्पकार जॉन मिल्स, अनावरण जुलै २००५, राणीच्या हस्ते. उंची २२ फूट. त्यावर एकही बाई नाही! आहेत ते नुसते कपडे, कामाचे सतरा जोड, खुंट्यांना टांगलेले. निधी जमवायला ब्रिटिश संसदेच्या माजी सभापती बेटी बूथरॉइड त्यांच्याकडच्या ‘करोडपती’त जाऊन बसल्या आणि ८,००० पौंड घेऊन आल्या. युद्ध संपून साठ वर्षे झाली होती, म्हणजे लंडनची फाइलही आपल्यासारखीच चालते.

तुळजापुरात उद्या कुणी अशा स्मारकाचा अर्ज दिलाच, तर टेबलावरचा पहिला प्रश्न उंचीचा असेल. अर्जदार म्हणेल, पीठ मळायची काटवट आहे साहेब, जमिनीपासून वीतभर. साहेब चष्मा वर सरकवून निविदेचा नमुना पुन्हा चाळतील आणि विचारतील, ‘आणि घोडा?’