पुठ्ठ्याचे प्रदर्शन : साग्रसंगीत मांडणी

प्रदर्शन तीन दिवसांचे आहे, चौथ्या दिवशी त्याचा मागमूस राहता कामा नये, आणि दरम्यान येणाऱ्या-जाणाऱ्याने "कल्पना छान आहे हं" असे म्हटले पाहिजे, अशा तीन अटी असतील तर पुठ्ठ्याच्या फर्निचरला पर्याय नाही. प्लायवूडचे स्टॉल सुताराच्या लहरीवर अवलंबून असतात आणि लोखंडी सांगाडे मंडपवाल्याच्या लग्नसराईवर. पुठ्ठा असा कोणा माणसावर विसंबून नसतो. तो फक्त हवा, पाणी, आग, झुरळे आणि प्रमुख पाहुण्यांचे वजन यांवर अवलंबून असतो.

कामाचा श्रीगणेशा समितीच्या बैठकीत होतो. "पुठ्ठा" हा शब्द ऐकताच खजिनदारांच्या डोळ्यांपुढे किराणा दुकानामागची खोकी येतात. त्यामुळे आधी परदेशी दाखले द्यावेत. फ्रँक गेरी या वास्तुरचनाकाराने १९७२ साली नालीदार पुठ्ठ्याचे थर एकमेकांवर चिकटवून नागमोडी खुर्ची केली आणि स्वित्झर्लंडची विट्रा कंपनी ती आजही विकते, हे सांगावे. कितीला विकते, हे सांगू नये. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जगभरचे खेळाडू पुठ्ठ्याच्या पलंगावर झोपले आणि तो पलंग २०० किलो पेलतो असा बनवणाऱ्यांचा दावा होता, हा दाखला समितीत फार चालतो. त्या वेळी आयर्लंडच्या एका जिम्नॅस्टने पलंगावर उड्या मारून खात्री करून घेतली होती. हे मात्र बैठकीत बोलू नये, कारण कोणीतरी लगेच "मग आपणही करून बघू" म्हणते आणि नमुन्याचे टेबल तिथेच संपते.

एवढ्यानेही भागले नाही तर इतिहास काढावा. नालीदार कागदाचे पहिले पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले, ते खोक्यासाठी नव्हे, साहेबांच्या उंच हॅटच्या अस्तरासाठी. बाटल्या आणि काचसामान त्यात गुंडाळायला लागले ते नंतर, १८७१ मध्ये, अमेरिकेत. म्हणजे पुठ्ठ्याचे घराणे मूळचे मानपानाचे आहे, हमालीचा व्यवसाय त्याने पुढे पत्करला. समितीत एक तरी फेटेवाले सदस्य असतात. त्यांना हा मुद्दा ताबडतोब पटतो आणि ठराव मंजूर होतो.

आता माल. पुण्याकडच्या मंडळींनी भोसरी-चाकणच्या पट्ट्यात जावे. तिथले गाड्यांचे सुटे भाग खोक्यांतून जातात, त्यामुळे खोक्यांच्या कारखान्यांना तोटा नाही. मात्र तिथे जाऊन "जरा मजबूत पुठ्ठा दाखवा" असे म्हणू नये. समोरचा माणूस साडी घ्यायला आलेल्या पुरुषाकडे बघावे तसा बघतो. किती प्लाय, कुठली फ्लूट (म्हणजे नाळीचा आकार), किती जीएसएम (म्हणजे कागदाचे वजन), हे तयार ठेवावे. दोन सपाट कागद आणि मध्ये नाळ्यांचा एक कागद, हे तीन प्लाय. नाळ्यांचे दोन थर असले की पाच प्लाय आणि तीन असले की सात. पाटी, दिशादर्शक बाण, छोटे शेल्फ यांना तीन प्लाय पुरते, टेबलाला पाच लागते आणि ज्यावर माणूस बसण्याची शक्यता आहे त्याला सात. माणूस कशावरही बसतो हे लक्षात घेऊन सगळेच सात घेणारे संयोजक आहेत; ते दूरदर्शी खरे, पण त्यांचे प्रदर्शन टेम्पोतून उतरवताना पाहण्यासारखे असते.

नाळ्या उभ्या ठेवाव्यात. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे. पुठ्ठ्याची सगळी ताकद त्या नाळ्यांच्या लांबीत असते. त्या जमिनीला काटकोनात असल्या तर ओझे पेलतात, आडव्या पडल्या तर पहिल्याच दुपारी टेबलाच्या पोटाला सुरकुती पडते. घडीच्या रेषेवर कटर चालवू नये. स्टीलची पट्टी धरून जेवणाच्या चमच्याच्या पाठीने दाबत रेघ ओढावी. बाहेरचा कागद फाटू न देता आतल्या नाळ्या बसल्या पाहिजेत. नीट बसल्या की हाताखाली बारीक करकर जाणवते आणि मग घडी सांगितल्यासारखी वळते. खाचेत खाच अडकवून जोडताना खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच कापावी. सैल राहिली तर टेबल डुलते, आणि डुलणाऱ्या टेबलाखाली घालायला लोक पुन्हा पुठ्ठ्याचाच तुकडा शोधतात. चिकटवायची वेळ आलीच तर खळ करावी. कारखान्यातही नाळ्यांचा कागद सपाट कागदाला मक्याच्या स्टार्चने चिकटवतात, तेव्हा खळ म्हणजे मागासलेपणा असे समजू नये. खळीवर झुरळे येतात हे खरे, पण ती प्रदर्शनाला नियमित हजेरी लावतात आणि अभिप्राय वहीत लिहून त्रास देत नाहीत.

ही सारी विद्या शिकायला डिझाइनच्या कॉलेजात जायची गरज नाही. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या मखरांवरही बंदी आली आणि आपल्याकडचे मखरवाले पुठ्ठ्याकडे वळले. पुठ्ठ्याच्या मखराची परिस्थिती जरा डोळ्यांपुढे आणावी. भाद्रपदातली सर्द हवा, समोर निरांजन, वर कापूर, बाजूला समईचे तेल, दूर्वा-फुलांवरून ठिबकणारे पाणी, आणि नैवेद्याच्या ताटाला वाट देण्यासाठी दर आरतीला सरकवले जाणारे खांब. एवढे सोसून ते दहा दिवस उभे राहते आणि अकराव्या दिवशी घडी घालून पलंगाखाली जाते. जगातल्या कुठल्याही कलादालनातल्या चौथऱ्याची इतकी कडक परीक्षा होत नसावी. तेव्हा गेरींच्या खुर्चीची छायाचित्रे समितीला दाखवावीत आणि काम मखरवाल्याला द्यावे. फक्त श्रावणात त्याच्याकडे जाऊ नये, तो दारातूनच हात जोडतो.

मांडणी पूर्ण झाली, रात्री दिवे मालवले, आणि सगळे समाधानाने घरी गेले, की खरा धोका सुरू होतो. तो पहाटे येतो. त्याच्या हातात बादली आणि पोछा असतो. दालनाची झाडलोट करणारे मामा आपले काम चोख करतात, आणि दहा वाजता दार उघडते तेव्हा प्रत्येक चौथरा तळापासून दोन बोटे उंचीपर्यंत काळपट आणि मऊ झालेला असतो. वरून सगळे ठीक दिसते. दुपारपर्यंत चौथरा किंचित झुकतो, आणि त्यावरचे शिल्प नम्र वाटू लागते. मामांना दोष देऊ नये. त्यांना आदल्या दिवशी चहा द्यावा आणि सगळे फर्निचर जमिनीपासून वर उचलावे. जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. १९९५ मध्ये कोबेच्या भूकंपानंतर त्यांनी बेघरांसाठी कागदी नळ्यांची घरे उभारली, ती वाळूच्या पिशव्या भरलेल्या बिअरच्या क्रेटवर. २००१ मध्ये भूकंपानंतर भूजला आले तेव्हा पायाला पडक्या घरांचा राडारोडा वापरला, वर मातीची जमीन केली आणि छपराला बांबू घेतला. पालिकेच्या कलादालनात बिअरचे क्रेट नेणे जरा अडचणीचे असल्याने दुधाचे न्यावेत.

उद्घाटन. दीपप्रज्वलन होणारच. पुठ्ठा, खळ, कागदी झालरी, त्यात तेलाची समई आणि हातात मेणबत्ती घेऊन फोटोग्राफरकडे बघणारे पाच मान्यवर, हा प्रसंग संयोजकाने उघड्या डोळ्यांनी पाहू नये. समई दाराबाहेर ठेवावी, वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे, आत सगळे दिवे एलईडी असावेत, आणि पुठ्ठ्यावर बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण फवारून तो पूर्ण वाळू द्यावा. त्याने पुठ्ठा न जळणारा होत नाही, फक्त पेट घ्यायला जरा आढेवेढे घेतो. काही पर्यावरणप्रेमी मंडळी दिव्याऐवजी रोपट्याला पाणी घालून उद्घाटन करतात. पुठ्ठ्याच्या दृष्टीने हे आगीतून उठून झारीखाली जाणे आहे.

नियमांपुढे थोरामोठ्यांचेही काही चालत नाही. २००० सालच्या हॅनोवरच्या जागतिक प्रदर्शनात बान यांनी जपानचा मंडप कागदी नळ्यांचा केला. छतही कागदाचे होते. पण जर्मन अधिकाऱ्यांच्या शंका फिटेनात, म्हणून त्यावर पीव्हीसीचे आवरण चढवावे लागले. प्रदर्शन संपल्यावर नळ्या पुनर्वापराला गेल्या. तेव्हा आपल्या अग्निशमन दाखल्याच्या खेपा घालताना मनाला लावून घेऊ नये, हॅनोवर आठवावे.

प्रमुख पाहुण्यांच्या आसनाचा प्रश्न मात्र कोणत्याही पुस्तकात सुटलेला नाही. पुठ्ठ्याच्या सोफ्यावर त्यांना बसवणे हा कार्यक्रमाचा कळस असतो. सात प्लायचे उभे पडदे, आडव्या खाचा, वर दोन थरांची बैठक; गणिताने तिघे आरामात बसतात. पण पाहुणे येतात, सोफ्याकडे बघतात, बोटाने दाबतात आणि म्हणतात, "नाही, मी उभाच बरा आहे." अशा वेळी समितीतल्या सर्वांत भरभक्कम काकांना आधीच बसवून ठेवावे. काका उठले की पाहुणे बसतात. तरीही मंडपवाल्याकडून पांढऱ्या कव्हरचा एक सोफा मागवून पडद्याआड ठेवावा. पुठ्ठ्याच्या प्रदर्शनातही बिलात त्याची ओळ असतेच.

प्रेक्षकांसाठी पाट्या कराव्यात. "कृपया हात लावू नये" ही पाटी चित्रासमोर आणि "कृपया बसावे" ही स्टुलासमोर लावली तरी लोक स्टुलाला हात लावतात आणि चित्रासमोरच्या चौथऱ्यावर बसतात. चौथऱ्याचा वरचा भाग उतरता ठेवावा. प्रत्येकजण येताजाता पुठ्ठ्यावर टिचकी मारून बघतो, मग विचारतो, "हे सगळं पुठ्ठ्याचं? कितीला पडलं?" चित्रांच्या किमती कोणी विचारत नाही.

मजकूर स्टेन्सिलने किंवा स्क्रीन प्रिंटिंगने थेट पुठ्ठ्यावर छापावा, चकचकीत लॅमिनेशन टाळावे. दारावर मात्र "पर्यावरणपूरक प्रदर्शन" असा फ्लेक्स लागतो, कारण पदाधिकाऱ्यांचे फोटो स्टेन्सिलने येत नाहीत. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. सगळ्या सामानात पुनर्वापर ठरलेला असतो तो या फ्लेक्सचा. जूनमध्ये तो कोणाच्या तरी पत्र्यावर किंवा स्कूटरवर दिसतो, फोटोसकट.

शेवटच्या संध्याकाळी आवराआवरीला माणसे कमी पडतील ही भीती नको. "हे टाकणारच आहात ना?" असे म्हणत शेल्फ वहिनी नेतात, स्टूल शाळेच्या सरांना हवे असते, आणि भक्कम चौथऱ्यावर कोणीतरी गौरींसाठी आधीच नाव घालून गेलेले असते. उरते ते रद्दीवाल्याला. पुठ्ठा पुनर्वापरायोग्य आहे की नाही याचा निकाल कोणतेही हिरवे चिन्ह देत नाही, तो हा माणूस देतो. तो एक कोपरा फाडतो, नखाने वरचा थर उचलून बघतो. थर पारदर्शक निघाला की तुकडा बाजूला. "याच्यावर प्लास्टिक आहे, चालत नाही." तपकिरी टेप दिसली की भाव उतरतो, कागदी टेप चालते, पिनाही चालतात, त्या गिरणीत चुंबकाला लागतात. पोछ्याने भिजलेला भाग तो वजनातून वजा करतो, आणि आपण वाद घालू लागलो तर तळहाताने दाबून दाखवतो. त्याच्याशी हुज्जत घालू नये. त्याला मांडणीच्या आधी बोलवायला हवे होते. नकाशे काढायच्या वेळीच त्याला एकदा दाखवले असते, तर निम्मे लॅमिनेशन वाचले असते.

मिळालेल्या पैशांत कार्यकर्त्यांचा चहा होतो. तो काचेच्या ग्लासांत मागवावा. कागदी कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो, आणि तेही रद्दीवाला घेत नाही.