आधीचं ऐक

एखादा गायक चांगला आहे असं तुम्ही म्हणालात की मान किंचित तिरपी करून, डोळे बारीक करून जो म्हणतो, "हं. पण आधीचं ऐकलंयस का त्याचं?" तो माणूस आमच्याच घरात वाढला. माझा भाचा. घरात त्याला बारक्या म्हणतात, उंची सहा फूट. दिवसा तो ठाण्यात लोकांचे विम्याचे दावे तपासतो आणि उरलेल्या वेळात रॅपर लोकांचे. कोण खरा, कोण खोटा, कोण विकला गेला आणि कोण विकला जाण्याच्या बेतात आहे, सगळ्यांच्या फायली त्याच्या डोक्यात तयार असतात.

"याला रॅप आवडतं" अशी त्याची ओळख करून दिलेली त्याला खपत नाही. रॅप काय, हल्ली हळदीलाही वाजतं. तो अंडरग्राउंडवाला आहे. गाण्याला हजारभर व्ह्यूज असले की त्याची लिंक मला रात्री पावणेबाराला येते, सोबत एकच शब्द, "आग." दहा हजारांवर गेलं की "बरं आहे." लाख झाले की तो त्या मुलाचं नाव भूतकाळात घ्यायला लागतो. "चांगला लिहायचा रे." मुलगा जिवंत असतो, उलट जरा बरं खातपीत असतो. पण बारक्यापुरतं त्याचं वर्षश्राद्धही उरकलेलं असतं.

त्याच्या लेखी आपल्याकडच्या रॅपचे कालखंड दोनच, 'गली बॉय'च्या आधीचा आणि नंतरचा. १४ फेब्रुवारी २०१९ ला सिनेमा लागला आणि बारक्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. त्याआधी कसं होतं? तर २०१४ साली कुर्ल्याच्या नेझीने वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर 'आफत' केलं. रेकॉर्डिंग त्याच्यावर, व्हिडिओही त्याच्यावरच. ही हकिगत बारक्या सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतो, म्हणजे मध्येच उठता येत नाही. आणि सिनेमानंतर काय झालं? बारक्याच्या ऑफिसातल्या मॅनेजरने महिन्याच्या टार्गेटच्या स्लाइडवर त्या सिनेमातल्या रणवीर सिंगचा फोटो टाकला. "सांग मामा, आता काय उरलं?"

मी एकदा नको ते बोललो. म्हटलं, "अरे, ते तुमचं डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गली में', २०१५ चं. ते तर सोनी म्युझिकने काढलं होतं ना? मग ती काय गल्लीतली कंपनी होती?"

तो थांबला. चहाचा घोट घेतला. म्हणाला, "मामा, तेव्हाची सोनी वेगळी होती."

"बरं, मग एमिवे बंटाय? त्याच्यामागे कुठली मोठी कंपनी नव्हती, सगळं स्वतःच्या जोरावर केलं. 'मचाएंगे' कोटींनी लोकांनी पाहिलं. त्याला कुठे बसवायचा?"

"अंडरग्राउंड हा काय पत्ता आहे का? अ‍ॅटिट्यूड आहे तो."

असं म्हणतो खरा, पण पत्त्याचं त्याला भारी दुखणं. डिव्हाइन '५९' म्हणतो ते अंधेरीच्या जे. बी. नगरच्या ४०००५९ वरून. नेझीचं 'बॉम्बे ७०' म्हणजे कुर्ल्याचं ४०००७०. शेवटचे दोन आकडे उच्चारले की अख्खी गल्ली पाठीशी उभी राहते. आता आमचं डोंबिवली पूर्व म्हणजे ४२१२०१. शेवटचे आकडे शून्य एक. कॉलेजात असताना बारक्या स्वतःही लिहायचा. एका सायफरमध्ये, म्हणजे पोरं गोल करून आळीपाळीने रॅप करतात त्यात, याने छाती पुढे काढून "झिरो वन!" म्हटलं, तर समोरचा म्हणाला, "फोर्टात राहतोस? मोठा माणूस दिसतोस." ४००००१ ना ते! तेव्हापासून त्याने लिहिणं सोडलं आणि तो परीक्षणाकडे वळला. बऱ्याच परीक्षकांचं असंच होतं म्हणा.

त्याच्याकडे एमएफ डूमचा टीशर्ट होता. धातूचा मुखवटा घालून गाणारा न्यूयॉर्ककडचा रॅपर, अंडरग्राउंडवाल्यांचं दैवत. कल्याणच्या मॉलमध्ये एका दहावीतल्या पोराच्या अंगावर तोच टीशर्ट दिसला. पोराला त्याने "कोण आहे हा?" म्हणून विचारलं. पोरगा म्हणाला, "आयर्न मॅन." घरी आल्यावर बारक्याने टीशर्ट काढून ठेवला तो ठेवलाच. माझी ताई, म्हणजे बारक्याची आई, आता त्याने मिक्सर पुसते.

पण खरा घाव बसला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन हा बारक्याचा जुना माणूस. त्याच्या 'तडीपार' अल्बमचं नाव घरात पहिल्यांदा निघालं तेव्हा ताईने दचकून विचारलं होतं, "कोण झालं रे तडीपार?" पुढे हा स्टॅन 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात गेला आणि आमच्या ताईला तो आवडला. "सारखं घरी जायचं म्हणतं रे पोर. आईची आठवण येत असणार." ताईने मतं दिली. शेजारच्या काकूंच्या फोनवरूनही दिली. तो जिंकला त्या रात्री तिने शिरा केला. बारक्याने शिऱ्याला हात लावला नाही. वर ताई म्हणते, "आता त्याची गाणी लाव की रे जरा." हा खोलीत जाऊन बसला. जुनी लावावीत तर त्यातल्या शिव्या आईच्या कानावर पडणार आणि नवी लावावीत तर तत्त्व मोडणार. वर्षानुवर्षं आपण जे हेडफोन लावून जपलं, ते एका सीझनमध्ये आईने, शेजारच्या काकूंनी आणि पोळ्यांच्या बाईंनी वाटून घेतलं, हे त्याला अजून पचलेलं नाही. पुढच्याच वर्षी नेझी 'बिग बॉस ओटीटी'त गेला तेव्हा बारक्याने घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. टीव्हीच्या रिमोटमधले सेल त्या महिन्यात सारखे गायब होत होते.

हे रक्त आलं कुठून म्हणाल तर आमच्या भाऊजींकडून. भाऊजी म्हणजे सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं पाहिलेला माणूस. तिथे बसायला नीट जागा नसे, पंख्याचा आवाज संवादावर येई, त्याचंही ते कौतुक सांगतात. तिथला नट शिवाजी मंदिरच्या धंदेवाईक नाटकात दिसला की भाऊजींनी त्याला ओळखलंच नाही म्हणून समजा. कपाटात 'असो' या अनियतकालिकाचा रद्दीतून मिळवलेला एक अंक आहे, तो कुणाला हाताळू देत नाहीत. एखाद्या कवीला साहित्य अकादमी मिळाल्याची बातमी आली की भाऊजी पेपर खाली घेतात. "हं. पण याच्या आधीच्या कविता वाचल्यात का तुम्ही?" मान त्याच कोनात तिरपी, डोळे तसेच बारीक. शेजारच्या खुर्चीत बारक्या कानात बोंडं घालून बसलेला असतो. बाप म्हणतो, हे संगीतच नव्हे. मुलगा म्हणतो, बाबांना कळत नाही. ताई दोघांच्या मधून पोह्यांच्या बश्या घेऊन जाते आणि काही बोलत नाही.

एका रविवारी मात्र बारक्याने मोठ्याने एक गाणं लावलं. मुंबईच्या 'स्वदेशी' या टोळीचं 'द वारली रिव्हॉल्ट'. आरेच्या जंगलातल्या आदिवासींचं गाऱ्हाणं, त्यात आरेतल्याच प्रकाश भोईरांचा आवाज आणि एमसी मवालीचं मराठी रॅप. भाऊजींनी पेपर घडी करून ठेवला. गाणं संपल्यावर म्हणाले, "कोण रे हा शाहीर? परत लाव." बारक्याने परत लावलं. बापलेकांना मी त्या दिवशी पहिल्यांदा एकाच गोष्टीवर मान डोलावताना पाहिलं. पुढच्याच मिनिटाला आवाज किती मोठा ठेवायचा यावरून त्यांचं भांडण झालं.

इथे मला बारक्याची बाजू घ्यावीच लागते. मोठ्या पैशाचं गाणं दहा जणांच्या टेबलावरून जातं, आणि पाड्याचं नाव, नाल्याचं नाव, साहेबाचं नाव त्यातल्या कुठल्या तरी टेबलावर हळूच राहून जातं. ज्याला कुणी विचारत नाही तो ही नावं घेऊ शकतो. पण हेही सांगतो की बारक्या पाठवतो त्यातली निम्मी गाणी "मी किती भारी आणि तू किती फालतू" यापलीकडे जात नाहीत, आणि शब्द कळायला तीनदा ऐकावी लागतात. बारक्या याला "रॉ" म्हणतो. कच्चं म्हणा की बाबा, आम्हालाही कळतं.

सध्या त्याच्याकडे बदलापूरचा एक मुलगा आहे. लोकलवर, पाणी तुंबण्यावर, स्वतःच्या बापाच्या रिक्षावर मराठीत लिहितो. लिहितो झकास. गाण्याला दोनशे चौदा व्ह्यूज, त्यातले बरेचसे बारक्याचेच असावेत. गेल्या महिन्यात त्याचा अंधेरीत एका कॅफेत कार्यक्रम ठरला. मालकाची अट होती, चाळीस तिकिटं गेली तरच माइक चालू करणार. आदल्या दिवशीपर्यंत गेली होती बत्तीस. बारक्या रात्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. ताईला म्हणाला, "उद्या मोकळी आहेस का?"

दोनशे नव्व्याण्णवचं एक तिकीट. पैसे त्याने भरले, आमचे सगळ्यांचे. ताई, भाऊजी, मी, शेजारच्या काकू, काका, पोळ्यांच्या बाई आणि त्यांच्या दोन सुना. गाडीत त्याने सूचना दिल्या. मागे उभं राहायचं. ओळख दाखवायची नाही. मोबाइलचा टॉर्च हलवायचा नाही. कुणी विचारलंच तर, "आम्ही ह्याला आधीपासून ऐकतो" एवढंच म्हणायचं.

काकूंनी ते दारातल्या पोराला न विचारताच सांगितलं.

बदलापूरचा मुलगा बारीक, घाबरलेला, पण माइक हातात आला तसा सुटला. बापाच्या रिक्षाचं गाणं संपलं तेव्हा क्षणभर सगळे गप्प होते. त्या शांततेत मागच्या भिंतीपासून भाऊजींचा छबिलदासात कमावलेला आवाज आला, "वन्स मोअर!"

मुलगा गोंधळला. मग हसला. "काका, परत?" आणि पुढची सगळी पोरं, टोप्या उलट्या घातलेली, टेबलं वाजवत ओरडायला लागली, "वन्स मोअर! वन्स मोअर!" पोळ्यांच्या बाईंनी टॉर्च लावला.

बारक्या खांबाला टेकून उभा होता. ओठ हलत होते, शब्दन् शब्द पाठ होता त्याला. दुसऱ्यांदा गाणं संपलं, पुन्हा टाळ्या पडल्या, तेव्हा तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "मामा, झाला हा पण मेनस्ट्रीम."