सूचक, अनुमोदक आणि जंत

सरकारी पंचांगातले १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे दोन दिवस सोडले, तर भीमाकाठच्या जंतांना वर्षभर कसलाही शासकीय उपद्रव नाही. त्या दोन दिवशी शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी येते. १ ते १९ वर्षांच्या प्रत्येकाला ४०० मिलिग्रॅमची एक, दोन वर्षांच्या आतल्याला अर्धी. गुरुजींसमोर चावून खायची, खिशात घालायची नाही. गोळी चांगली आहे आणि ती वाटत फिरणाऱ्या आशाताईंची थट्टा करायची आमची इच्छा नाही. मानधन रखडवून ती करायला सरकार समर्थ आहे.

तर गोळीने पोटातले जंत मरतात. मातीतले मरत नाहीत, कारण त्यांची शाळेच्या पटावर नोंद नाही.

गोल जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, तीही अनुदानाशिवाय. नदीकाठी कुणी 'बसून' आलं की ती अंडी ओल्या मातीत दोन-तीन आठवडे पिकतात, वेळ पडली तर वर्षानुवर्षं थांबतात. मग मेथीच्या जुडीतून, वाडीतल्या काकडीवरून किंवा पोराच्या नखातून तोंडात. पंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, त्याने पटकीचे जंतू मरतात. जंताच्या अंड्याचं कवच त्या पावडरला दाद देत नाही. आतड्यात अंडं फुटलं की अळी तिथे मुक्काम करत नाही. ती आतड्याच्या भिंतीतून यकृतात जाते, तिथून फुप्फुसात, मग श्वासनलिकेतून चढत घशाशी, आणि गिळली जाऊन पुन्हा त्याच आतड्यात. ग्रामपंचायतीतून पंचायत समिती, तिथून जिल्हा परिषद, आणि 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुन्हा ग्रामपंचायतीत येणाऱ्या फायलीसारखीच ही वाट. फरक एवढाच की अळी वाटेत वाढते.

आता कुणी म्हणेल, नदीकाठी बसतंच कोण? राज्याचा ग्रामीण भाग २०१८ साली हागणदारीमुक्त जाहीर झाला. बरोबर आहे. कमानीशेजारी तसा फलक आहे आणि त्याच्याच आडोशाला सकाळी गर्दी असते. घरोघरी शौचालय आहे, त्यात गोवऱ्या कोरड्या राहतात. शौचालयाला पाणी नाही, नदीला आहे, तेव्हा माणूस टमरेल घेऊन पाण्याकडे जातो. यात अडाणीपणा शोधायला शहरातून माणसं येतात, बाटलीतलं पाणी पितात आणि अहवाल लिहितात.

अंकुशकृमीला तर तोंडाचीही गरज नाही. ओलसर, सावलीतली, वाळूमिश्रित जमीन त्याला मानवते. अनवाणी पाऊल पडलं की तो कातडीतून आत. या आघाडीवर वाळूउपसा करणाऱ्यांचं कार्य दुर्लक्षित राहिलं आहे. वाळूच उरली नाही तर कृमी राहील कुठे? आरोग्य खात्याने त्यांचा सत्कार करायला हरकत नाही. महसूल खाते पाठ फिरवून सहकार्य करतेच आहे.

हा कृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. खुरपायला अनवाणी जाणारी बाई पांढरीफटक पडते, तिला दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. सरकार लोह देतं, कृमी वसूल करतो, बाई मधली हमाल. गरोदरपणी तिला जंताची गोळी मिळते. एरवी मोहिमेच्या लेखी एकोणिसाव्या वर्षानंतर जंत हा बहुतेकांचा खासगी मामला. पोराने गोळी खाल्ली, आईबापाने खाल्ली नाही, आणि बसायची जागा सगळ्यांची एकच. गोळ्यांची मोजणी तोंडापाशी होते. दुसऱ्या टोकाला हजेरी घ्यायला कुणी नाही.

घरात मात्र आरोपी केव्हाच ठरलेला असतो: गूळ. 'गोड खाल्लं की जंत होतात,' असं सांगत आजी डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवते, मग न धुतलेल्या काकडीची फोड नातवाच्या हातात देते. वावडिंगाचा काढा वेगळा.

परवाच्या ग्रामसभेत 'आयत्या वेळच्या विषयां'त जंत निघाले. गटार बांधायचं की कमान रंगवायची यावर तासभर रण पेटलं; गेल्या पंचवार्षिकचं गटार कुठे गेलं, असं विचारणाऱ्याला बसवण्यात आलं. कमान जिंकली. शाळेतल्या हात धुण्याच्या बेसिनला नळ आहे, नळाला पाणी नाही, याची नोंद घेण्यात आली. शेवटी काकड्या धुऊन खाव्यात असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. कोणत्या पाण्याने, हा विषय पुढच्या सभेवर ठेवला आहे.